उभ्या गाडीचं पडणं

बँकेतल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पक्की समजली. सकाळच्या गर्दीत कॅशियरची चूक सहसा होत नाही. काउंटरपुढे वीस माणसं उभी असतात, तेव्हा त्याची बोटं आणि डोळे दोन्ही जागे असतात. चूक होते ती संध्याकाळी, शेवटचा खातेदार गेल्यावर, समोर चहाचा कप आल्यावर, ‘झालंच आता’ असं मनात आलं की! मग रोकड जुळत नाही आणि सगळी शाखा रात्री आठपर्यंत ताटकळत बसते. आमचे एक जुने हेड कॅशियर म्हणायचे, तिजोरीला दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय दिवस संपला असं म्हणू नये.

हे आठवायला निमित्त झालं मोटारसायकलचं.

निवृत्त झाल्यावर मी साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली. तरुणपणी ती परवडली नव्हती. तेव्हा हप्त्यांवर शंभर सीसीची गाडी आली आणि तिच्यावरूनच दोन मुलं, बायको आणि दळणाचा डबा असा सगळा संसार वाहिला. नवी गाडी १९५ किलोची, म्हणजे जुनीच्या दुप्पट म्हणायला हरकत नाही. तरी वर्षभर ती मी नीट चालवली. ताम्हिणी झाला, वरंधा झाला, कुठं खरचटलंसुद्धा नाही. आणि गेल्या श्रावणात आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद असताना, ती पडली.

नातीला शाळेतून घेऊन आलो होतो. ती उतरून डाव्या बाजूला उभी राहिली. तिचं दप्तर माझ्या खांद्यावर, भाजीची पिशवी हँडलला. पायानं साइड स्टँड ढकलला, गाडी डावीकडे सोडली आणि उतरायला उजवा पाय उचलला. स्टँड पुरता पुढं गेलेलाच नव्हता. तो मिटला. मी सावरायचा प्रयत्न केला, पण १९५ किलो एकदा निघाले की साठी ओलांडलेल्या माणसाचं ऐकत नाहीत. कसाबसा डावा पाय काढून घेतला, एवढंच.

शेजारचे धावले, गाडी उभी केली. आरसा फुटला होता, इंडिकेटर गेला होता. संध्याकाळी घरात थट्टा झाली. मुलगा म्हणाला, “बाबा, आता विकून टाका.” पण गाडी जिथं पडली तिथं क्षणभरापूर्वी कोण उभं होतं, हे कोणीच विचारलं नाही. लिफ्टचं बटण आपणच दाबायचं म्हणून नात पळाली होती, म्हणून. हे मी घरात आजवर बोललो नाही, आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्यानंतर मी या विषयाकडे नीट पाहू लागलो. गंमत अशी की धावती मोटारसायकल स्वतःचा तोल बराचसा स्वतःच राखते. वेग चालण्याइतका झाला की ती जबाबदारी गुपचूप आपल्या पायांवर येते आणि नेमकं त्याच वेळी आपलं मन घरात पोचलेलं असतं. गाडी थोडी कलली असेल तर एका हातानं सावरते, पण आणखी थोडी कलली की पहिलवानालाही आवरत नाही. या दोहोंमधलं अंतर वीतभरसुद्धा नसतं.

लायसनसाठी मी आठचा आकडा काढून दाखवला होता. गाडी लावून दाखवा, असं मला कोणी म्हटलं नाही. म्हणून जे उशिरा शिकलो ते सांगतो.

थांबताना हँडल सरळ हवं. वळवलेल्या हँडलावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला झोपते. अंगणात किंवा पार्किंगमध्ये वळताना मागचा ब्रेकच बरा. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत आणि पुढचा ब्रेक धरून ठेवावा. आधी डबलसीट बसलेल्यानं उतरायचं आणि तेही सांगून. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आपल्याकडच्या बायका उतरताना सगळा भार डावीकडे टाकतात. त्यांचा दोष नाही, बसणंच तसं. पण ‘उतरते हं’ एवढे दोन शब्द चालवणाऱ्याला पाय घट्ट रोवायला पुरतात.

मग साइड स्टँड. तो पुढं ढकलायचा, अडेपर्यंत गेला का ते पायानं चाचपायचं आणि मान वाकवून डोळ्यांनी पाहायचं. गाडी हळूहळू त्याच्यावर टेकवायची, हँडल डावीकडे पूर्ण वळवायचं, मगच उतरायचं. आजकालच्या बऱ्याच नव्या गाड्यांचं इंजिन स्टँड खाली राहिला आणि गिअर टाकला की बंद पडतं. ही सोय चांगलीच. पण स्टँड अर्धवट उघडला, तर तो अजून आपल्यालाच पाहावा लागतो.

उतारावर गाडीचं तोंड चढाकडे ठेवावं आणि पहिल्या गिअरमध्ये ती लावावी. तोंड खाली असलं आणि गाडी जरा पुढं सरकली, तर स्टँड मिटतो. मे महिन्यातलं मऊ डांबर आणि पावसाळ्यातली माती या दोन्हींत स्टँडचं टोक रुततं. गाडी तासाभरानं पडते, तेव्हा आपण तिथं नसतो. खाली एक चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवला की काम होतं. स्टेशनबाहेरच्या दाट रांगेत एक गाडी कलली की पुढच्या आठ-दहा आडव्या होतात आणि त्यांच्यामधून माणसं वाट काढत असतात, त्यात पोरंही असतात.

इतकं करूनही पडायला लागली, तर तिला पडू द्यावी. आरसा बाजारात मिळतो, कंबर मिळत नाही. पडल्यावर आधी किल्ली बंद करावी, पेट्रोल सांडतंय का पाहावं, तापलेल्या सायलेन्सरपासून पाय लांब ठेवावा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेवावा, नाहीतर उभी होऊन ती पलीकडे जाते. गिअरमध्ये टाकावी, म्हणजे घरंगळत नाही. आणि हाक मारावी. लाज वाटून एकट्यानं उचलायला गेलेले माझ्या वयाचे दोघे ओळखीचे महिनाभर अंथरुणावर होते.

आता आमच्या घरी एक नियम आहे. गाडी लागून मी बाजूला होईपर्यंत नातीनं जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं. लिफ्टचं बटण मात्र तिचंच.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला मी सांगितलंय, ज्या दिवशी ही गाडी मला एकट्याला डबल स्टँडवर चढवता येणार नाही, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती परीक्षा देतो. या महिन्यात पास झालो. दुसऱ्या प्रयत्नात, हेही इथं नोंदवतो. रोकड लपवून जुळत नसते.