पत्ताही नाही!

परवा अकोल्याहून अमरावतीस परतताना एका परिचित पालकांनी आम्हांस गाडीतच गाठले. त्यांच्या मुलाच्या शाळेत आता संगणकवर्गातील प्रत्येक पडदा बाईंना आपल्या टेबलावरून दिसतो, आणि "पोरांना पत्ताही नाही, फादर!" हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर विलक्षण समाधान होते. आमचे भांडण त्या 'पत्ताही नाही'शी आहे.

देखरेख नकोच, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. एका बाईंच्या हाती चाळीस मुले आणि एका संगणकापुढे दोघे-तिघे, ही आपल्या वऱ्हाडातील शाळांची स्थिती. तिथे 'वेयॉन'सारखी मोफत प्रणाली साऱ्या वर्गाचे पडदे छोट्या चौकटींतून शिक्षकांपुढे मांडते. कोण अडला, कोण भरकटला, ते कळते. पण तीच प्रणाली आपले चिन्ह मुलांच्या पडद्यावरून लपवण्याचीही सोय देते, आणि मोह तिथेच सुरू होतो.

तो कुठवर नेतो? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन येथील शाळांनी मुलांना घरी नेण्यास संगणक दिले होते. हरवलेले यंत्र शोधण्यासाठी म्हणून ठेवलेल्या व्यवस्थेने मुलांची त्यांच्या घरातली छायाचित्रे घेतली. २०१० मध्ये हे उघडकीस आले. त्याच वर्षी सहा लाख दहा हजार डॉलरांवर तडजोड झाली. हेतू चांगलाच होता. हेतू नेहमीच चांगला असतो!

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. मात्र नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शिक्षणकार्य व मुलांची सुरक्षितता यांपुरती शाळांना सूट दिली. ही सूट हाती आली म्हणून मुलांना अंधारात ठेवण्याचा परवाना मिळाला, असे कुणी समजू नये.

संत जॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती लिहून काढली, तेव्हा क्रम स्पष्ट ठेवला: आधी नियम मुलांना सांगावेत, मग वडीलधाऱ्यांनी त्यांच्यात वावरून लक्ष ठेवावे. आम्ही पहिली पायरी गाळली, आणि दुसरीही खुर्चीत बसूनच उरकू लागलो.

"सांगितले तर पोरे सावध होतील," असा आक्षेप येतो. होऊ द्या की! सावध व्हावे यासाठीच तर सारा खटाटोप. चोरून पकडलेला मुलगा एवढेच शिकतो, की पुढच्या वेळी बाईंची नजर चुकवली पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती पुन्हा टाळेबंद झाली, तेव्हा याच मुलांच्या हाती शाळा म्हणून मोबाइल आला. तिथे बाईंचा कोणता पडदा होता?

संगणकवर्गाच्या दारावर, चपला काढण्याच्या सूचनेशेजारी, मराठीत चार ओळी लिहाव्यात: काय दिसते, कोण पाहतो, काय साठवले जाते आणि केव्हा पुसले जाते. पालकसभेतही तेच वाचून दाखवावे. एवढ्यास खर्च येत नाही.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर ते गृहस्थ हळूच म्हणाले, "फादर, त्याच्या मोबाइलमध्ये मीही तसलेच एक बसवले आहे." मुलाला ठाऊक आहे का, असे आम्ही विचारले. बडनेरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.