सुटकेनंतरचं काय?

‘धाड टाकून मुलींची सुटका, दलाल अटकेत’ ही बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. तोंडाला ओढणी बांधलेल्या मुलींचा फोटो, आणि विषय संपला. पण पुढे काय? घरचे दार उघडतीलच असं नाही. शिक्षण अर्धवट, हाताला काम नाही. अशा वेळी ती मुलगी पुन्हा त्याच जाळ्यात सापडली, तर दोष कोणाचा?

इथे चर्चला खूप काही करता येईल, असं आम्हाला वाटतं. सुटकेनंतर जे लागतं ते त्यांच्यापाशी आहे. शाळा, दवाखाने, वसतिगृहं आणि खेडोपाडी ओळखीची माणसं.

याला इतिहासही आहे. सुदानमधली बखिता लहानपणीच पळवली गेली, अनेकदा विकली गेली. इतकी हादरली की स्वतःचं नावही विसरली. पुढे इटलीत मालकीण तिला परत न्यायला आली, तेव्हा कनोसा संस्थेच्या सिस्टर तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १८८९ मध्ये कोर्टाने तिला स्वतंत्र ठरवलं. आज ८ फेब्रुवारी हा तिचा स्मृतिदिन मानवी तस्करीविरोधी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. केडगावला त्यांना नुसता आसरा दिला नाही, तर अक्षरओळख आणि हाताला कामही दिलं.

आज हे काम कुठे हवंय? झारखंडमधले खुंटी, गुमला, सिमडेगा हे जिल्हे घ्या. तिथल्या आदिवासी मुलींना घरकामाच्या नावाखाली दिल्लीला नेलं जातं. याच भागात गावोगावी चर्च आहेत. रविवारी कोण दिसलं नाही, हे पोलिसांआधी गावच्या फादरना कळतं. बाहेरगावी कामाला जाणाऱ्या मुलीचं नाव, नेणाऱ्याचा पत्ता आणि फोन एका वहीत लिहून ठेवायला किती खर्च येतो? आणि तिथल्या धर्मग्रामाने दिल्लीतल्या धर्मग्रामाला कळवलं, तर निदान तिची चौकशी करणारं कोणीतरी असेल.

मात्र काही पथ्यं पाळायलाच हवीत. प्रार्थनेला बसलीस तरच जेवण, असा व्यवहार नको. मदतीच्या बदल्यात धर्म मागितला, तर तीही सक्तीच झाली. तिला व्यासपीठावर उभं करून तिची कहाणी सांगायला लावू नये. अल्पवयीन मुलीला परस्पर ठेवून घेता येत नाही. तिला बाल कल्याण समितीपुढे न्यावंच लागतं.

आणि तुम्ही? तुम्ही ख्रिस्ती असाल, तर आपल्या फादरना किंवा पास्टरना या रविवारी विचारा, ‘आपण यात काय करतो?’ नसाल, तरी तुमच्या कॉलेजजवळच्या एखाद्या नोंदणीकृत निवारागृहात आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटर किंवा इंग्रजी शिकवता येईल. मात्र गेलात तर तिचा भूतकाळ विचारू नका, सेल्फी काढू नका. आणि संशयास्पद काही दिसलं तर हिरोगिरी नको. मूल असेल तर १०९८, एरवी ११२ फिरवा.

सुटका एका रात्रीत होते. त्यानंतरची दोन-चार वर्षं तिच्यासोबत कोण राहणार, हे ठरवायला हवं.