एक्स-रे स्वच्छ, दम मात्र लागतोय

या सदरात एरवी पासवर्ड आणि ऑनलाइन फसवणूक असले विषय असतात. आज जरा वेगळं. मी डॉक्टर नाही, साधा बी.ई. आहे, पण मागच्या वर्षी एका मित्राबरोबर दवाखान्याच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. त्याच्या परवानगीने, नाव न घेता लिहितोय.

त्याला एचआयव्ही आहे. गोळ्या मधेच बंद केलेल्या. महिनाभर कोरडा खोकला, बारीक ताप, जिना चढला की दम. पहिल्या दवाखान्यात त्याने एचआयव्हीचं सांगितलंच नाही, कारण थोरला भाऊ शेजारी बसलेला. थुंकीत टीबी नाही, एक्स-रे जवळपास स्वच्छ. ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी पाठवलं.

यातली गंमत (गंमत कसली म्हणा!) मला नंतर कळली. एक्स-रेवरचा डाग बराचसा शरीराच्या लढाईचा असतो. टीबीत फुप्फुसाला पोकळी पडते ती प्रतिकारशक्ती झुंजते म्हणून, आणि त्या पोकळीतले भरपूर जंतू थुंकीत उतरतात. सीडी-४ पेशी फार घटल्या की झुंजच मंदावते. मग पोकळी नाही, थुंकीत जंतू थोडे, सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडत नाही. आमच्या भाषेत, एरर नोंदवणारी यंत्रणाच बंद पडलेली. लॉग कोरा आणि सर्व्हर कोसळतोय.

म्हणून एचआयव्ही असलेल्यांना दोन आठवडे खोकल्याची वाट पाहायची नसते. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, यांपैकी एक असलं तरी टीबीची तपासणी. थुंकीची जनुकीय चाचणी सूक्ष्मदर्शकापेक्षा खूप कमी जंतूही पकडते. जीनएक्सपर्टला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली, तर ट्रूनॅटला २०२० मध्ये. ट्रूनॅट बनवणारी कंपनी आपल्या शेजारच्या गोव्यातली! शिवाय लघवीची ‘लॅम’ चाचणी आहे. सीडी-४ जितक्या कमी, तितकी ती जास्त उपयोगी पडते.

मित्राला मात्र टीबी नव्हताच. दुसऱ्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी बोटाला ऑक्सिमीटर लावून त्याला व्हरांड्यात चालायला लावलं. बसून ९५, चालून आल्यावर ८६. मग त्याने भावाला चहा आणायला पाठवलं आणि बाईंना खरं सांगितलं. दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं, तेव्हा न्यूमोसिस्टिस निघाला. ही बुरशी, नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही. कोणी मुद्दाम शोधली तरच सापडते. जून १९८१ मध्ये एड्सची जी पहिली नोंद छापून आली, ती लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या याच न्यूमोनियाची होती. औषध जुनंच, कोट्रायमॉक्सॅझोल. तरी बाईंनी टीबीची चाचणीही पुन्हा केली. अशा रुग्णात दोन्ही एकदम असू शकतात.

आणि हो, २०१७ च्या कायद्याप्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय डॉक्टर ही गोष्ट नातेवाइकांना सांगू शकत नाहीत. मित्राला हे माहीत नव्हतं.

गणपतीत त्याने स्वतःच भावाला सांगितलं. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “गोळ्या वेळेवर घेतोस ना आता?”