निमंत्रण आणि मज्जाव

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेने विशिष्ट वंशाच्या मुलांसाठी स्नेहमेळावा ठेवला, की विरोधक लगेच १९५४ सालच्या ‘ब्राउन’ निकालाकडे बोट दाखवतात: सर्वोच्च न्यायालयाने घालवलेली विभागणी शाळाच परत आणत आहेत! हा आक्षेप टिकणारा नाही. जॉर्जिया राज्यातल्या विल्कॉक्स काउंटीत वर्ग कधीचे एकत्र झाले होते, पण वर्षअखेरचा नाचसमारंभ, म्हणजे प्रॉम, २०१३पर्यंत गोऱ्यांचा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा होत असे. समारंभ खासगी खर्चाचा, म्हणून शाळा नामानिराळी. शेवटी त्या वर्षी काही मुलींनीच वर्गणी काढून एकत्र प्रॉम घडवला. तिथे वेगळेपणाचा अर्थ ‘तुम्ही आम्हांला नकोत’ एवढाच होता. याउलट मार्च २०२१मध्ये अटलांटातल्या गोळीबारात आठजण मारले गेले, त्यांतल्या सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्लीच्या शाळांनी आशियाई मुलांना मन मोकळे करायला एकत्र बोलावले. या दोन गोष्टींना एकच नाव देणे ही निव्वळ आळशी विचारसरणी झाली.

पण म्हणून समर्थकांचे सगळेच मान्य करावे असे नाही. वेलस्लीच्या शाळांनी गोऱ्या मुलांसाठी हा कार्यक्रम नाही, असेही कळवले होते. त्यावर खटला झाला, आणि २०२२च्या तडजोडीत असे कार्यक्रम सर्वांना खुले राहतील हे शाळांनी मान्य केले. समर्थक मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली डॅनियल टेटम यांच्या १९९७च्या पुस्तकाचा आधार घेतात: वर्णभेदाचे चटके बसू लागलेल्या वयात कृष्णवर्णीय मुले जेवणाच्या सुटीत एकत्र बसतात, ते एकमेकांच्या आधारासाठी. निरीक्षण मार्मिक आहे, पण त्यातून निष्कर्ष निघतो तो उलटा. ती मुले आपणहून जमली होती. टेबलाशी उभे राहून कोणी शिक्षक रंग तपासत नव्हता. विषय नेमका असला की ज्यांचा तो आहे तेच बहुतांशी येतात, त्यासाठी मज्जाव लागत नाही. शिवाय तपासणार कोण आणि कशाने? डेन्व्हरच्या एका शाळेने २०२१मध्ये गौरेतर कुटुंबांसाठी मैदानावर संध्याकाळ ठेवली होती. आई गोरी आणि मूल मिश्रवंशीय असेल, तर तिने फाटकाबाहेर थांबायचे का?

इतर कोणी बसले की मुले गप्प होतात, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण तो दुःखाच्या गोष्टीला लागू पडतो, झोपाळ्याला किंवा खाऊच्या ताटाला नाही. जिथे खरोखर एकांत हवा तिथे समुपदेशकाची खोली आहे, आणि तिथला निकष अनुभव असावा, वर्ण नव्हे. दुसऱ्या टोकाला, फेब्रुवारी २०२५मध्ये संघराज्याच्या शिक्षण खात्याने वंशनिहाय पदवीदान सोहळ्यांपर्यंत सगळे एकाच मापाने मोजून अनुदान थांबवण्याची धमकी देणारे पत्र शाळांना पाठवले. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते पत्र रद्द केले, हे बरे झाले. निमंत्रणावर एका समाजाचे नाव छापले म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. तो बुडतो दारात अडवल्यावर. खुल्या दारातून कोणी मुद्दाम गोंधळ घालायला आलाच, तर त्याला वर्तनासाठी बाहेर काढता येते. तो नियम शाळांकडे फुटबॉलच्या सामन्यासाठीही असतोच.