लिचीसाठी वटवाघळांची कत्तल. मॉरिशसच्या हाती काय लागलं?

बागेतली फळं कुरतडलेली दिसली की बोट आधी वटवाघळाकडे जातं. कोकणातल्या बागायतदाराला हे नवं नाही. मॉरिशसने मात्र थेट बंदूक उचलली. २०१५ मध्ये नवा कायदा करून तिथल्या सरकारने मोठ्या फळभक्षी वटवाघळांना मारण्याची वाट मोकळी केली. २०१५ आणि २०१६ च्या मोहिमांत मिळून ३८ हजारांहून अधिक वटवाघळं मारली गेली. कारण एकच : लिची आणि आंब्याचं नुकसान.

बेटावर वेगळं काय?

मुख्य भूमीवर एक प्राणी कमी झाला, तर बिया पसरवायला दुसरे असतात. बेटावर बदली खेळाडू नसतो. मॉरिशसचा डोडो गेला, महाकाय कासवंही गेली. मोठ्या वटवाघळांच्या तीन प्रजातींपैकी एक जगातूनच नामशेष झाली, दुसरी फक्त रॉड्रिग्ज बेटावर उरली. मॉरिशसवर राहिली ती ही एकच. तिथल्या अनेक देशी झाडांच्या मोठ्या बिया दूर नेण्याचं काम आता तिच्याच भरवशावर आहे.

त्यात मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. चक्रीवादळ आलं तर उडून जायला दुसरं जंगल नाही. रॉड्रिग्जवरच्या वटवाघळांची संख्या १९७० च्या दशकात शंभराच्या आसपास आली होती, त्यामागे हेच होतं.

शेतकऱ्यांना फायदा झाला?

नाही. या मोहिमांमुळे फळउत्पादकांचा नफा वाढला नाही, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. फळं पक्षीही खातात, वाऱ्याने पडतात, झाडावर जास्त पिकूनही वाया जातात. उलट २०१८ मध्ये ही प्रजाती ‘असुरक्षित’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात गेली.

मग उपाय काय?

शेतकऱ्याचं नुकसान खोटं नाही. पण मूळ जंगल पाच टक्क्यांहूनही कमी उरलेल्या बेटावर वटवाघळं बागेत येणारच. झाडं छाटून बुटकी ठेवणं, त्यावर जाळी टाकणं आणि जाळीसाठी पुरेसं अनुदान देणं, हा खरा मार्ग आहे. परसातल्या उंच झाडांना जाळी घालणं कठीण, म्हणून तिथे मदत जास्त हवी. गोळीचा खर्च दर हंगामाला होतो. जाळी काही वर्षं टिकते, आणि तिच्याबरोबर जंगलही.