पोडावरची शाळा

यवतमाळ जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. इथे जंगलही आहे हे पुण्या-मुंबईकडच्या आमच्या नातेवाइकांनासुद्धा दरवेळी नव्याने सांगावं लागतं. कोकणासारखं बारमाही हिरवं नाही, सागाचं आहे. उन्हाळ्यात पानं गाळून उघडं पडणारं. केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतून ते पैनगंगेकडे उतरतं. नदीपलीकडे आदिलाबाद, म्हणजे तेलंगण.

या जंगलात कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे थोड्याशा घरांची, मुख्य गावापासून दूर असलेली वस्ती. कुडाच्या भिंती, मध्ये चावडी, बांबूची टोपली-सुपं, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात कापूस-ज्वारीची थोडी शेती. कोलाम ही सरकारदरबारी आदिम जमात. महाराष्ट्रात अशा तीनच आहेत : कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड. या पोडांचं पुढे काय होणार, यावर आज लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पोडावरची शाळा बंद करणं म्हणजे हळूहळू पोडच बंद करणं.

आता थोडं सीमेविषयी. पैनगंगेवरची ही सीमा आजची नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हापासून नदीच्या अलीकडे एक कारभार आणि पलीकडे दुसरा. १९५६ मध्ये राज्यं बदलली, २०१४ मध्ये पलीकडच्या राज्याचं नाव बदललं. कोलाम मात्र दोन्हीकडे होते तसेच राहिले. सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. अडचण येते ती कागद दाखवायची वेळ आली की. जातीचा दाखला एका राज्याचा, रेशनकार्ड एका राज्याचं, शाळेची भाषा एका राज्याची. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तिथे लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं, आणि एकाच गावात एक शाळा मराठी तर एक तेलुगू!

वाघाला बरं असतं. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणात जाऊन परत महाराष्ट्रात आला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून जगाला कळलं. त्याला कुणी रहिवासी दाखला मागितला नाही.

काही जण म्हणतात, पलीकडे जास्त सोयी आहेत. २०१८ पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि एकरी रोख मदत सुरू झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादकडच्या गावांनी 'आम्हाला तिकडे जाऊ द्या' अशी मागणीच केली होती. त्यांचा राग मला समजतो. पण पोडावरच्या माणसाचा प्रश्न त्याने सुटत नाही. ती एकरी मदतसुद्धा जमिनीचा पट्टा असेल त्यालाच. वनहक्क कायदा २००६ चा आहे, लागू झाला २००७ च्या अखेरीस. वाहितीतली जमीन ज्याच्या नावावर झालीच नाही, तो अलीकडेही मोकळा आणि पलीकडेही मोकळाच. आणि तो कागद मिळवायचा तर आधी तो वाचता यायला हवा. म्हणून मी फिरून फिरून शाळेवर येतो.

२०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विचार पुढे आला. त्यामागचा युक्तिवाद अगदीच चूक नाही, हे मी मास्तर म्हणूनच सांगतो. एका मास्तराने चार वर्ग सांभाळायचे, त्यातच पोषण आहार आणि माहितीचे तक्ते, म्हणजे शिकवणं कधी? दहा मुलांत खो-खोचे दोन संघही होत नाहीत. मोठ्या गावाला लागून असलेल्या वस्तीसाठी मी हे मान्य करीन.

पण पोडावरचं सहा वर्षांचं पोर जाणार कुठून? मध्ये नाला आहे, पावसाळ्यात तो चढतो. मध्ये जंगल आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गोळी घातलेल्या अवनी वाघिणीच्या नावावर पांढरकवडा-राळेगाव भागातले तेरा बळी लागले होते. त्या भागातली आई पहिलीतलं लेकरू पायी पाठवेल का? शिक्षण हक्क कायदाही प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आतच सांगतो. उरते आश्रमशाळा. मोठ्या मुलांना ती ठीक आहे. सहाव्या वर्षी घर सुटलं की भाषाही सुटते.

आणि भाषा हाच खरा मुद्दा आहे. कोलामी ही द्राविडी भाषा. घराला 'एल्ला', पाण्याला 'ईर'. पहिलीत आलेल्या मुलाला आपण 'घर' शिकवतो तेव्हा ते अक्षर आणि शब्द दोन्ही एकदमच शिकत असतं. ते गप्प बसतं आणि आपण शेरा मारतो, 'मंद आहे'. असे गप्प विद्यार्थी प्रत्येक मास्तराने पाहिले आहेत. एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये कोलामीचं व्याकरण छापलं. त्याआधी १९४३ च्या सुमारास, निजामाच्या राज्यात, फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईला गोंडांसाठी शिक्षणाचं केंद्र काढलं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत केली. ऐंशी वर्षांपूर्वी नदीपलीकडे जे जमलं, ते आज अलीकडे का जमू नये?

माझं मागणं मोठं नाही. दुसरीपर्यंतची शाळा पोडावरच राहू द्या, पट कितीही असो. त्याच पोडावरची दहावी-बारावी झालेली मुलगी मदतनीस म्हणून पगारावर घ्या, ती कोलामीतून मराठीकडे पूल बांधेल. तिसरीपासून पुढे खुशाल मुलं एकत्र करा, पण गाडी आणि सोबत देऊन.

१५ नोव्हेंबर २०२३ ला आदिम जमातींसाठी पीएम-जनमन योजना सुरू झाली. पक्की घरं, रस्ते, नळाचं पाणी. चांगलंच आहे. भीती एवढीच, की रस्ता झाला की उद्या कुणीतरी फाइलवर लिहील, 'आता रस्ता आहे, सबब शाळेची आवश्यकता नाही.' रस्ता डॉक्टर आत यावा म्हणूनही असतो आणि माणसं बाहेर जावीत म्हणूनही. कोणत्या दिशेची रहदारी वाढेल हे शाळा ठरवते. जिथे लेकरं शिकतात तिथे आईबाप टिकतात. एरवी कापूस वेचायला, वीटभट्टीवर, एकेक घर निघून जातं.

असो. मास्तरकीची सवय, लांबण लागली. तुमच्यापैकी कुणी अशा लहान शाळेत शिकलं किंवा शिकवलं असेल तर जरूर लिहा. मतभेद असले तर तेही चालतील.