गोड सेंट जपून लावा

मैत्रिणींनो, दोडामार्गहून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात की व्हॅनिला, कॅरमलच्या वासाचा सेंट घ्यावासा वाटतो ना? १९९२ साली पॅरिसच्या 'एंजल'नं ही गोड वासांची लाट आणली. त्यातला जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'सारखा वास एथिल माल्टॉल या द्रव्याचा.

पण घेण्याआधी मनगटावर एकच फवारा मारा आणि अर्धा तास बाजार हिंडा. दुकानात येतो तो पहिला वास लवकर उडतो. मागे राहतो तो व्हॅनिला, अन् तो संध्याकाळपर्यंत सोबत करतो! आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात तो फार जड होतो, एसटीत शेजारणीला मळमळायचं. तेव्हा एक फवारा पुरे, आंघोळीनंतर अंग कोरडं करून.

साडीवर मात्र मुळीच नको. व्हॅनिलीन काळानं तपकिरी पडतं. आईनं दिलेली मोतिया रंगाची रेशमी साडी एकदा डागाळली की डाग सहसा निघत नाही, बरं का! बाटली खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा.

आणि केसांत सुरंगीचा वळेसर असेल त्या दिवशी सेंट राहू द्या. अबोली माळलीत तर खुशाल लावा, तिला बिचारीला वासच नसतो.